मॅराडोनाचा चेंडू आणि आपलं मुरमाचं ग्राउंड

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका तरुण क्रीडाशिक्षकाचा आहे. थोडक्यात असा: "सर, गाजलेले गोल पोरांना मोबाईलवर दाखवतो. पोरं म्हणतात, रॉबर्टो कार्लोसचा चेंडूच वेगळा होता, आपला तसा वळत नाही. गोलमध्ये चेंडूचा वाटा खरंच किती असतो? शाळेला थोडा निधी मिळालाय. वर्ल्डकप फायनलला असतो तसला चेंडू घ्यावा का? आमचं ग्राउंड मुरमाचं आहे."

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: घेऊ नका. कारणं पुढे येतीलच. पण पोरांचं म्हणणं उडवून लावू नका. प्रत्येक चेंडूला आपली एक खोड असते. ती खोड ज्याला आधी कळली त्याने गोल मारले, आणि ज्याला कळली नाही त्याने मॅच संपल्यावर चेंडूला शिव्या घातल्या. फुटबॉलचा इतिहास या दोन्ही प्रकारच्या माणसांनी भरलेला आहे.

सुरुवात अगदी पहिल्या वर्ल्डकपपासून करा. 1930 ची फायनल, माँटेव्हिडिओ. यजमान उरुग्वे विरुद्ध अर्जेंटिना. चेंडू कुणाचा वापरायचा यावरूनच जुंपली. शेवटी तोडगा निघाला: पहिला हाफ अर्जेंटिनाच्या चेंडूने, दुसरा उरुग्वेच्या. हाफटाइमला अर्जेंटिना 2-1 ने पुढे होती. चेंडू बदलला, उरुग्वेने तीन गोल चढवले आणि 4-2 ने कप घेतला. शेवटचा गोल एक्टर कास्त्रोचा. लहानपणी करवतीने त्याचा एक हात कोपराखाली गेला होता. आता ही गोष्ट सांगून कुणी म्हणालं की चेंडूने मॅच फिरवली, तर मी अर्धंच मान्य करीन. घरचं मैदान होतं, घरची गर्दी होती, आणि ती टीम ऑलिंपिकची सुवर्णपदकं घेऊन आलेली होती. पण सवयीचा चेंडू पायात आला की पहिला टच सुधारतो, हे मात्र शंभर टक्के खरं. तालुक्याच्या स्पर्धेला गेल्यावर आपल्या पोरांचं पहिल्या दहा मिनिटांत काय होतं ते आठवा. चेंडू आयोजकांचा, टणक फुगवलेला, आणि प्रत्येक पास दोन हात लांब जातो.

त्या काळचे चेंडू चामड्याचे. आत रबरी ब्लॅडर, तो आत घालायला एक चीर, आणि चीर बंद करायला जाड नाडी. हेडर घेताना नाडीची बाजू कपाळावर आली की कातडी सोलायची. 1950 च्या ब्राझीलमधल्या वर्ल्डकपला बिननाडीचा, व्हॉल्व्हचा चेंडू आला. पण चामडं तेच, आणि चामडं पाणी पितं. पावसात चेंडू जड व्हायचा. इंग्लंडचा जेफ ॲसल हेडरसाठी प्रसिद्ध होता. 2002 साली तो गेला तेव्हा चौकशीत सांगितलं गेलं की वर्षानुवर्षं जड चेंडू डोक्यावर घेतल्याने मेंदूला इजा झाली. म्हणून लहान पोरांकडून हेडरचा रतीब घालून घेऊ नका, हे जाता जाता सांगतो.

1966 ची फायनल, लंडनचं वेम्बली, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. चेंडू केशरी, चामड्याचा, 25 तुकड्यांचा. जादा वेळेत इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा शॉट गोलच्या आडव्या बारच्या खालच्या बाजूला लागला आणि खाली आपटून बाहेर आला. स्वित्झर्लंडचे पंच डीन्स्ट यांनी लाइन्समन तोफिक बहरामोव्ह यांना विचारलं, त्यांनी मान डोलावली, गोल दिला गेला. पुढे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी चित्रफितींवरून मोजलं, तर चेंडू पूर्ण आत गेलेलाच नव्हता असं निघालं. त्या चेंडूचा पुढचा प्रवासही मजेदार आहे. हर्स्टची हॅटट्रिक, म्हणजे इंग्लिश रिवाजाप्रमाणे चेंडू त्याचा. पण जर्मनीचा हेल्मुट हालर तो काखेत मारून घरी घेऊन गेला, आणि तब्बल तीस वर्षांनी, 1996 मध्ये, चेंडू इंग्लंडला परत आला. यात चेंडूच्या बनावटीचा काही संबंध नाही. बार, रेष आणि माणसाचा डोळा, एवढंच.

1970 च्या वर्ल्डकपपासून आपल्या ओळखीचा चेंडू सुरू होतो: 12 काळे पंचकोन, 20 पांढरे षटकोन. नाव टेलस्टार. ही 32 तुकड्यांची रचना त्याआधीच, 1962 च्या सुमारास, डेन्मार्कचा माजी गोलकीपर एगिल निल्सन याने बाजारात आणली होती. काळा-पांढरा रंग दिला तो तेव्हाच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर चेंडू दिसावा म्हणून. लोक एवढं सांगून थांबतात. पण शिकवणाऱ्याच्या दृष्टीने त्या रंगाचा खरा फायदा वेगळाच: चेंडू फिरतोय की नाही, कुठल्या बाजूला फिरतोय, हे लांबून दिसतं. आजकालच्या रंगीबेरंगी नक्षीत ते कळत नाही. फ्री किक शिकवायची असेल तर जुन्या नमुन्याचा काळा-पांढरा चेंडूच घ्या. पोराने किक मारली आणि काळे ठिपके विरघळून करडा पट्टा दिसला, तर फिरकी बसली. ठिपके सुटे सुटे दिसले, तर चेंडू नुसता ढकलला गेला.

त्याच वर्ल्डकपच्या फायनलमध्ये इटलीविरुद्ध ब्राझीलचा चौथा गोल कार्लोस अल्बर्टोचा. क्लोदोआल्दो आपल्याच हाफमध्ये चार जणांना चकवतो, चेंडू डावीकडे झाइर्झिन्योकडे जातो, तिथून पेलेकडे, आणि पेले मागेही न बघता उजवीकडे हळूच सरकवतो. व्हिडिओ हळू करून शेवटचं पाऊल बघा. कार्लोस अल्बर्टोच्या पायाशी येण्याआधी चेंडू किंचित उसळतो. बुटाच्या बरोबर पट्ट्यात येतो, आणि तो धावत्या पायाने खाली दाबून मारतो. ती उसळी मैदानाने दिली, चेंडूने नाही. आपल्या ग्राउंडवर अशा उसळ्या पावलोपावली फुकट मिळतात. फरक एवढाच की तो उसळीसाठी तयार होता. आपल्या पोरांना त्या उसळीला वैतागायला नाही, तिच्यावर किक मारायला शिकवा.

आता मॅराडोना. 22 जून 1986, मेक्सिको सिटीचं अझ्टेका स्टेडियम, क्वार्टर फायनल, इंग्लंडविरुद्ध. या दिवसाबद्दल चेंडूच्या अंगाने फार कमी बोललं जातं. त्या वर्ल्डकपचा चेंडू पूर्ण कृत्रिम कातड्याचा, वर्ल्डकपमधला असा पहिलाच. त्याच्या आधीचा, 1982 चा टँगो एस्पान्या, अजून चामड्याचा होता. कृत्रिम कातडं पाणी धरत नाही, वजन शेवटपर्यंत तेवढंच राहतं, आकार बिघडत नाही. दुसरी गोष्ट उंची. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून 2,240 मीटरवर आहे, तिथली हवा पाचव्या हिश्श्याने विरळ. हवेतून मारलेला चेंडू तिथे जास्त लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे लांब पास आणि क्रॉस यांचा अंदाज चुकायला सगळी सोय होती.

आणि मॅराडोनाने काय केलं? चेंडू हवेत जाऊच दिला नाही. आपल्या हाफमध्ये एनरिकेकडून पास घेतला, बियर्डस्ली आणि रीड यांच्यामधून गिरकी घेतली, पुढे बुचर, मग फेनविक, शेवटी गोलकीपर शिल्टन. दहा-अकरा सेकंद, अकरा टच, सगळे डाव्या पायाचे. हिरवळ त्या दिवशी नीट धरलेली नव्हती, पायाखाली सरकत होती, असं इंग्लंडच्या गॅरी लिनेकरनेच पुढे सांगितलंय. अशा जागी चेंडू पायापासून हातभर लांब ठेवला तर उसळून जाणारच. मॅराडोनाने तो वीतभर अंतरावर ठेवला. टच मोजून बघा: मोकळी जागा असते तिथे टच लांब आहेत, माणूस जवळ आला की दोन टचमधलं अंतर एकदम कमी होतं. पोरांना हा व्हिडिओ दाखवताना मॅराडोनाकडे बघू देऊ नका, नुसता चेंडू बघायला लावा. दुसऱ्यांदा मग पाय बघू द्या.

याच्या चारच मिनिटं आधीचा हाताने ढकललेला गोलही त्याच चेंडूने झाला. तेव्हा मैदानाभोवती डझनभर चेंडू ठेवायची पद्धत नव्हती. अख्खी मॅच एका चेंडूवर झाली. ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर यांनी तो स्वतःजवळ ठेवला. नोव्हेंबर 2022 मध्ये लंडनच्या लिलावात त्याला 20 लाख पाउंड आले. त्याच वर्षी मे महिन्यात मॅराडोनाचा त्या सामन्यातला शर्ट 71 लाख पाउंडांना गेला होता. दोन्ही गोल प्रत्यक्ष ज्याने झाले ती वस्तू शर्टापेक्षा साडेतीनपट स्वस्त! लिलावातल्या लोकांना फुटबॉल किती कळतो कोण जाणे.

आता तुमच्या पोरांचा लाडका गोल. 3 जून 1997, फ्रान्समधलं लिऑन, फ्रान्स विरुद्ध ब्राझील, मॅच 1-1 अशी बरोबरीत सुटली. सुमारे 35 मीटरवरून ब्राझीलच्या रॉबर्टो कार्लोसची फ्री किक. डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने मारलेली. चेंडू समोर उभ्या बचावपटूंच्या भिंतीच्या उजवीकडून इतका बाहेर गेला की गोलपासून बऱ्याच अंतरावर बसलेल्या बॉलबॉयने डोकं खाली घातलं. मग चेंडू आत वळला, पोस्टच्या आतल्या बाजूला लागून जाळ्यात गेला. फ्रान्सचा गोलकीपर बार्थेझ जागचा हलला नाही.

यात जादू नाही. फिरणारा चेंडू एका बाजूची हवा सोबत ओढतो, दुसऱ्या बाजूच्या हवेला अडवतो. त्यामुळे मागे सुटणारा हवेचा झोत एका अंगाला ढकलला जातो आणि चेंडू उलट अंगाला सरकतो. हाइनरिख मॅग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने 1852 मध्ये यावर लिहिलं, म्हणून त्याला मॅग्नुस परिणाम म्हणतात. पण नुसतं एवढं सांगून कार्लोसचा गोल उलगडत नाही, कारण असा वळणारा चेंडू तर गल्लीतलं पोरही मारतं. खरी गोम अंतरात आहे. चेंडू जातो तसा हवेमुळे त्याचा वेग घटत जातो, पण फिरकी तेवढी घटत नाही. वेग कमी आणि फिरकी तीच, म्हणजे वळण शेवटी शेवटी आणखी आवळत जातं. फ्रान्समधल्या काही शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये हे गणिताने आणि पाण्यात छोटे गोळे मारून दाखवलं. चेंडू खूप लांब जाऊ दिला तर त्याचा मार्ग गोगलगाईच्या शंखासारखा आत आत वळतो. 35 मीटरवरून मारल्यामुळे कार्लोसच्या चेंडूला ते आवळलेलं वळण दाखवायला वेळ मिळाला. हाच फटका 18 मीटरवरून मारला असता तर चेंडू वळायच्या आत जाहिरातीच्या फलकावर आदळला असता.

तेव्हा पोरांना सांगा: चेंडू वेगळा नव्हता. जोर वेगळा होता, आणि एवढ्या लांबून मारायची हिंमत वेगळी होती. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी 42 अंशांत हवा थोडी विरळ होते, थंड देशातल्या हवेच्या मानाने आठ-नऊ टक्के. त्या हिशेबाने चेंडू आपल्याकडे किंचित कमी वळायला हवा. पण तो फरक आपल्या पोरांच्या दोन किकमधल्या फरकापुढे काहीच नाही. चेंडू वळत नाही याचं कारण हवेत शोधू नका, पायात शोधा. बहुतेक पोरं चेंडूच्या मधोमध मारतात.

आता एक असा चेंडू, ज्याच्यावर खरोखर खापर फोडता येतं. 2010, दक्षिण आफ्रिका, जबुलानी. फक्त 8 तुकडे, शिवण नाही, उष्णतेने जोडलेले. ब्राझीलचा गोलकीपर ज्युलिओ सेझार म्हणाला, हा सुपरमार्केटमधला चेंडू आहे. तक्रार खोटी नव्हती. चेंडू जातो तेव्हा हवेचा एक पातळ थर त्याच्या अंगाला चिकटून वाहतो. चेंडू खडबडीत असला, शिवणी असल्या, तर तो थर जास्त वेळ चिकटून राहतो आणि चेंडू सरळ, वेगात जातो. गुळगुळीत चेंडूवर तो थर लवकर सुटतो. एका ठरावीक वेगाच्या आसपास तर कधी या बाजूने आधी सुटतो, कधी त्या बाजूने. फिरकी नसेल तर चेंडू हवेत चक्क डगमगतो. जुन्या 32 तुकड्यांच्या चेंडूत हा वेग बराच खाली असतो, जोरदार किकच्या कामात तो येत नाही. जबुलानीत मात्र तो वर सरकला. नासाच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा तो ताशी 72 ते 80 किलोमीटरच्या घरात निघाला. आणि फ्री किकचा वेग नेमका तिथेच असतो. गोलकीपर रडले ते उगीच नाही.

पण सगळे रडले नाहीत. उरुग्वेच्या दिएगो फोर्लानने स्पर्धेआधीच त्या चेंडूवर भरपूर सराव करून घेतला होता. घानाविरुद्ध क्वार्टर फायनलला त्याची फ्री किक बघा, गोलकीपरचा पाय एका बाजूला आणि चेंडू दुसऱ्या. स्पर्धेत त्याचे 5 गोल झाले, सर्वाधिक गोलांमध्ये तो इतर तिघांच्या बरोबरीने राहिला, आणि सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉलही त्यालाच मिळाला. तिसऱ्या क्रमांकाच्या मॅचमध्ये जर्मनीविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी त्याची फ्री किक बारवर आदळली, नाहीतर सहा झाले असते. उलट, इंग्लंडच्या रॉबर्ट ग्रीनने अमेरिकेविरुद्ध जो सोपा गोल खाल्ला, त्याचं खापर जबुलानीवर फोडणं मला मान्य नाही. तो शॉट लांबून, जमिनीलगत, मध्यम वेगाने आला होता. हवेत डगमगण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. हात चेंडूच्या मागे नव्हते.

2014 चा ब्राझुका आणखी कमी तुकड्यांचा, फक्त 6. मग तो जास्त डगमगायला हवा होता ना? तसं झालं नाही. त्याच्या तुकड्यांच्या कडा नागमोडी होत्या, त्यामुळे सगळ्या जोडांची एकूण लांबी सव्वातीन मीटरच्या आसपास भरते. जबुलानीची जेमतेम दोन मीटर. म्हणजे तुकडे मोजू नका, जोड मोजा, आणि जोड किती खोल आहे ते बोट फिरवून बघा. दुकानात गेलात की हीच परीक्षा करायची आहे. याच ब्राझुकावर व्हॅन पर्सीने स्पेनविरुद्ध सूर मारून हेडर घातला, खामेस रॉड्रिगेझने उरुग्वेविरुद्ध छातीवर घेऊन वळून व्हॉली मारली, म्हणजे जमिनीला लागू न देता हवेतच टोलवला, आणि फायनलला गोट्झेने 113 व्या मिनिटाला कप जर्मनीला दिला. तिन्ही गोलांत चेंडू वरून आला आहे, आणि तिन्ही खेळाडूंना तो कुठे पडणार हे आधीच ठाऊक आहे. चेंडू सरळ येत होता म्हणून ते शक्य झालं, हा ब्राझुकाचा वाटा.

काही गोल मात्र असे आहेत की तिथे चेंडूची चर्चा करणंच फिजूल. 1998 ला मार्सेलमध्ये बर्गकाम्पने अर्जेंटिनाविरुद्ध मारलेला: मागून पन्नास-साठ मीटरचा पास, पहिल्या टचला चेंडू मेला, दुसऱ्याला बचावपटू गेला, तिसरा जाळ्यात. किंवा 2002 ला ग्लासगोत, चॅम्पियन्स लीगच्या फायनलला झिदानची डाव्या पायाची व्हॉली. चेंडू आभाळातून खाली येतोय आणि झिदान वाट बघतोय. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर घाई केली असती. या दोन गोलांसाठी कुठला चेंडू होता हे सांगून तुमच्या पोरांच्या पदरात काही पडणार नाही.

2022 पासून चेंडूच्या पोटात सेन्सर आला, सेकंदाला 500 वेळा नोंद घेणारा. पोर्तुगाल-उरुग्वे मॅचमध्ये ब्रुनो फर्नांडिसचा क्रॉस थेट आत गेला आणि रोनाल्डोने आपल्या डोक्याला लागला म्हणून जल्लोष केला. सेन्सरने सांगितलं, लागलाच नाही. गोल ब्रुनोच्या नावावर. 1966 ला बहरामोव्हच्या डोळ्यावर जे सोपवलं होतं, त्याचा हा पुढचा अध्याय.

आपल्या भागाचं म्हणाल तर आपण फुटबॉलला परके नाही. 1948 पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, आणि तेव्हाचं हैदराबाद म्हणजे भारतीय फुटबॉलची मोठी पेठ. हैदराबाद सिटी पोलीसच्या टीमने 1950 ते 1954 सलग पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे कोच सय्यद अब्दुल रहीम. हेच रहीमसाहेब 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकला भारताच्या टीमबरोबर होते. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने हॅटट्रिक केली, भारत चौथा आला. 1962 ला जकार्तात आशियाई सुवर्णही त्यांच्याच हाताखाली, फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे गोल. त्याआधी 1948 च्या लंडन ऑलिंपिकला आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते, फ्रान्सकडून 2-1 ने थोडक्यात हरले, आपला गोल सारंगपाणी रामनचा. चामड्याचा चेंडू आणि उघडा पाय! 1952 ला हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने 10-1 ने धुतल्यावर बूट सक्तीचे झाले. खेडेगावातली पोरं अजून अनवाणी येतात. त्यांचा पहिला टच चांगला असतो, कारण चेंडूचा टणकपणा त्यांना कातडीला कळतो. पण बूट घाला म्हणून आग्रह धरा, सराट्यांसाठी तरी.

आता खरेदी. वर्ल्डकपच्या नक्षीचे चेंडू दुकानात दिसतात ते सगळे एक नसतात. एकाच नक्षीत सामन्याचा महागडा चेंडू असतो, आणि त्याच रंगात मशीनने शिवलेली स्वस्त नक्कलही असते. महागडा घेतलात तर तो उष्णतेने जोडलेला असतो. मुरमावर त्याची वरची कातडी घासून निघते, एकदा जोड सुटला की तो कुणी शिवू शकत नाही, कारण शिवणच नाही. स्वस्त नक्कल घेतलीत तर दोन महिन्यांत अंड्यासारखी होते. दोन्हीत पैसे पाण्यात.

तुम्ही हाताने शिवलेला, 32 तुकड्यांचा, जाड पीयू (पॉलीयुरेथेन) या कृत्रिम कातड्याचा चेंडू घ्या. जालंधर आणि मेरठकडचा माल आपल्याकडे सहज मिळतो. अशा चेंडूला साधारण साडेसहाशे टाके असतात, आणि एखादा सुटला तर बसस्टँडजवळ चपला-बूट शिवणारा कारागीर मेणाच्या दोऱ्याने घालून देतो. आतलं ब्लॅडर ब्यूटिल रबराचं मागा. लॅटेक्सचं ब्लॅडर पायाला मऊ लागतं, पण दोन दिवसांत हवा सोडतं, आणि रोज कोण फुगवत बसणार? बारा वर्षांखालच्या लेकरांना 4 नंबर, मोठ्यांना 5 नंबर. 5 नंबरचा घेर 68 ते 70 सेंटिमीटर आणि वजन 410 ते 450 ग्रॅम असावं लागतं. शिंप्याची टेप आणि किराणा दुकानातला काटा एवढ्यावर हे तपासून होतं.

उसळीही तपासा. फरशीवर दोन मीटर उंचीवरून सोडला तर चांगला चेंडू सव्वा ते दीड मीटर वर यायला हवा. आणि एक परीक्षा दुकानदाराला आवडत नाही, पण मी आग्रहाने सांगतो: बादलीभर पाण्यात चेंडू तरंगू द्या, हळूच फिरवून सोडा. दर वेळी व्हॉल्व्हची बाजूच खाली येऊन थांबली तर त्या बाजूला वजन जास्त आहे. असा चेंडू फिरकी न देता मारला की हेलकावे खातो, आणि पोरांना वाटतं आपल्याला रोनाल्डोची फ्री किक जमली. व्हॉल्व्ह आपल्याकडे करून चेंडू ठेवायचा टोटका त्यांनी टीव्हीवर पाहिलेला असतोच. सामन्याच्या चांगल्या चेंडूत त्याने फरक पडतो असं मला वाटत नाही. आपल्या स्वस्त चेंडूत पडतो, पण तो दोषामुळे. पाणी मग झाडाला घाला.

हवेचा नियम आहे 0.6 ते 1.1 वातावरण दाब. आपल्या मुरमावर 0.7 च्या आसपास ठेवा, उसळी आटोक्यात राहते. हवा सावलीत, सकाळी भरा. सकाळी 25 अंशांना 0.8 भरलेला चेंडू दुपारी उन्हात पडून 50 अंशांपर्यंत तापला तर आतला दाब 0.95 च्या घरात जातो, शिवणीवर ताण येतो, आणि संध्याकाळी पोरं म्हणतात चेंडू दगडासारखा लागतोय. पत्र्याच्या खोलीत जाळीत भरून ठेवलेले चेंडू मे महिन्यात याच कारणाने फाटतात. सुट्टीत थोडी हवा काढून ठेवा.

खेळण्याआधी ग्राउंडवरून पोरांची एक रांग फिरवा, सराटे आणि बाभळीचे काटे वेचायला. पावसाळा संपला की सराट्याची वेल कडेने आत पसरते, ती फुलावर असतानाच उपटली तर काटा धरत नाही. निधीतून उरलेल्या पैशांत एक चांगला पंप, दाब मोजायचं छोटं मीटर आणि डझनभर सुया घ्या. सुई कोरडी घालू नका, थुंकी लावून तर अजिबात नको, आतून व्हॉल्व्हचं रबर चिकट होतं. केमिस्टकडे ग्लिसरीन मिळतं, त्याचा एक थेंब पुरतो.